पोलिसांच्या गाडीत सीटबेल्ट का लावला जात नाही? सातारा-कराड-सांगली भागातल्यांनी लिहा

संगम_माहुली (धागाकर्ता)

माझा धाकटा भाऊ पोलीस खात्यात चालक आहे, रात्रगस्तीच्या गाडीवर. कुठल्या ठाण्याला ते इथं लिहीत नाही, कृपया कुणी विचारू नका. घरची गाडी काढली की हा आईलासुद्धा मागच्या सीटवर पट्टा लावायला लावतो, त्याशिवाय गिअर टाकत नाही. ड्यूटीच्या गाडीत मात्र स्वतः लावत नाही. दिवाळीत घरी आला तेव्हा छेडलंच त्याला. म्हणाला, "सारखी चढ-उतार असते, कुठं लावत बसू? आणि शेजारी साहेब असतात, ते लावत नाहीत. मी एकट्यानं लावला तर बरं दिसत नाही."

हे 'बरं दिसत नाही' काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

शिरवळ ते पेठ नाका हा महामार्ग आपण सगळेच वापरतो. खंबाटकी घाटातली वळणं, गळीत हंगामात बिनरिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉल्या, कडेला बंद पडलेला कंटेनर, उलट्या दिशेनं येणारा दुचाकीवाला. आपण या रस्त्यावरून निघून जातो, गस्तीची गाडी रात्रभर तिथंच असते. कॉल आला की पावसात, धुक्यातसुद्धा वेगानंच जावं लागतं. म्हणजे पट्ट्याची सगळ्यात जास्त गरज ज्याला, नेमका त्याच्याच अंगावर तो नसतो.

'आमच्याकडून दंड घेता, मग स्वतः का लावत नाही' ही बाजू मला माहीत आहे आणि तो राग रास्त आहे. पण माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. पोलिसानं पट्टा लोकांना दाखवायला नाही, स्वतःच्या जिवासाठी लावायचा. आणि तो लावताना त्याला अवघडल्यासारखं होऊ नये, ही जबाबदारी त्याच्या वरच्यांची. कायद्यात पोलिसांना सूट आहे का? खात्यातल्यांची खरी अडचण काय? आपण बाहेरच्या माणसांनी यात काय करायचं? जाणकारांनी सांगा.

शेंद्रे_फाटा

मलाही हेच जाणून घ्यायचं आहे. मध्यंतरी रात्री घरी येताना महामार्गावर नाकाबंदीत थांबवलं. सासरे मागं बसले होते, पट्ट्यानं पोटावर दाब येतो म्हणून त्यांनी तो काढलेला. पावती झाली. भरली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या बोलेरोतून ते लोक उतरले, तिच्या पुढच्या सीटचा पट्टा मी उभ्या उभ्या बघितला. सीटच्या पाठीमागून फिरवून बकलमध्ये कायमचा अडकवलेला, वर रेनकोट टाकलेला. आत बसल्यावर अलार्म वाजू नये म्हणून केलेली सोय होती ती. सासरे म्हणाले, "यांना कोण पावती देणार?" मला काही उत्तर देता आलं नाही.

वकील_विश्रामबाग

उत्तर कायद्यातच आहे, फक्त ते कुणी वाचून दाखवत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 138(3) बघा. ज्या गाडीला पट्टे बसवलेले आहेत तिचा चालक, पुढच्या सीटवरचा माणूस आणि मागच्या, पुढं तोंड असलेल्या सीटवरची माणसं, या सगळ्यांनी गाडी चालू असताना पट्टा लावायचा. या नियमात पोलिसांसाठी अपवाद नाही. कायद्याला जिथं सूट द्यायची असते तिथं तो ती लिहून देतो. हेल्मेटच्या कलम 129 मध्ये पगडी घातलेल्या शीख व्यक्तींना सूट आहे, ती स्पष्ट शब्दांत आहे. ब्रिटनमध्ये 1993 च्या सीटबेल्ट नियमावलीत पोलीस कामासाठी वापरात असलेल्या गाडीतल्यांना सूट आहे, तीही लेखी. आपल्या नियमात तशी ओळ नाही.

आता दंडाचं. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 194 बी आलं, 1 सप्टेंबर 2019 पासून लागू. पट्ट्याविना गाडी चालवली तर 1,000 रुपये. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तरी तेवढेच. (राज्य सरकार तडजोडीची, म्हणजे कोर्टात न जाता भरायची, रक्कम वेगळी ठरवू शकतं, त्यामुळं पावतीवरच्या आकड्यावरून इथं वाद नको.) त्याच दुरुस्तीतलं कलम 210 बी मात्र फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. या कायद्याची अंमलबजावणी करण्याचा अधिकार ज्यांच्याकडं आहे त्यांनीच गुन्हा केला, तर त्या गुन्ह्याच्या दुप्पट दंड. म्हणजे संसदेनं पोलिसांना सूट तर दिली नाहीच, उलट त्यांच्यावर जास्त भार टाकला.

आणखी एक, हे धागाकर्त्यांनी भावाला जरूर सांगावं. 194 बी मध्ये दोषी कोण? पट्टा न लावता गाडी चालवणारा, तसंच पट्टा न लावलेले प्रवासी नेणारासुद्धा.

संगम_माहुली

म्हणजे शेजारी बसलेल्या साहेबांनी पट्टा लावला नाही, तर दंड चालवणाऱ्या शिपायाला?

वकील_विश्रामबाग

कलमाचे शब्द तसेच आहेत. ज्याला "साहेब, पट्टा" म्हणायची सोय नाही, त्याच्याच डोक्यावर जबाबदारी. म्हणून हा विषय एकेका शिपायाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, वरून लेखी आदेश लागतो. आदेश असला की चालकाला बोलायला आधार मिळतो.

जुनी_वर्दी

मी निवृत्त हवालदार. सगळा धागा वाचला. बाहेरून बघणाऱ्याला हा माज वाटतो किंवा आळस वाटतो. थोडंसं दोन्ही आहे, पण एवढंच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा गाडीला पट्टाच नव्हता. कापडी हूडची जीप, एक पाय फुटबोर्डवर ठेवून बसायची सवय. पुढं गाड्या बदलल्या, बसणारी माणसं तीच राहिली. नव्या पोरांनी आम्हाला बघितलं आणि तेच उचललं.

मी काही काळ गडचिरोलीत काम केलेलं आहे. हल्ला झाला तर क्षणात गाडीबाहेर पडून आडोसा धरता आला पाहिजे, हे तिथं अंगात भिनतं. ती गोष्ट त्या जागी खरी आहे, तिला नावं ठेवू नका. पण तोच माणूस बदली होऊन इकडं येतो आणि इथंही तसाच बसतो. इथं महामार्गावर कुणी गोळ्या झाडत नाही, इथं मागून कंटेनर येतो.

एक खरी अडचण सांगतो, ती कुणी लिहीत नाही. आपल्या गाडीत चालक उजवीकडं. डाव्या सीटवर अधिकारी बसतो तेव्हा पट्ट्याचं बकल त्याच्या उजव्या कमरेशी येतं. पिस्तूल बहुतेकांचं उजव्याच कमरेला. होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं कमरेचं कव्हर) आणि बकल एकमेकांवर येतात. पट्टा अडकवायला कमरेत वाकून चाचपडावं लागतं, काढताना बटण सापडत नाही, बोट होल्स्टरच्या कडेला अडकतं. त्यात समोर वायरलेसची पिळाची वायर. दोन दिवस माणूस प्रयत्न करतो आणि सोडून देतो. याला उपाय आहेत. बकलचा देठ थोडा लांब असलेला बसवता येतो, होल्स्टरची जागा बदलता येते. पण त्यासाठी कुणीतरी गाडीत बसून बघावं लागतं.

आणि चढ-उतार म्हणाल तर सवय झाली की पट्टा काढायला एक सेकंद पुरतो. माझ्याबरोबर भरती झालेला एक जण रस्त्यावर गेला. चोरामागं धावताना नव्हे, समन्स बजावून परत येताना, भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर. गाडी वडाच्या झाडावर गेली. चालकानं पट्टा लावलेला होता, तो वाचला. शेजारी बसलेला हा माझा सोबती नाही वाचला. एकच गाडी, एकच झाड.

शेंद्रे_फाटा

काका, हे माहीत नव्हतं. होल्स्टरचं तर कधी डोक्यातच आलं नसतं.

डॉ_कृष्णाकाठ

कराड भागात अपघात विभागात काम करते. शेंद्रे_फाटा, आधी तुमच्या सासऱ्यांसाठी. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर येतच नाही, यायला नको. तो खाली, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे आणि वरचा तिरपा भाग खांद्याच्या मधून छातीवरून गेला पाहिजे. पोटावर ठेवला तर आराम मिळत नाही आणि धडकेत आतड्यांना, प्लीहेला इजा होते ती वेगळीच. गरोदर बाईनंही तसाच लावायचा, खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि तिरपा पोटाच्या बाजूनं. "बाळाला लागेल" म्हणून काढून ठेवणाऱ्या बायका मी बघते. आई सुरक्षित तर बाळ सुरक्षित, दुसरा मार्ग नाही. खात्यात आता किती मुली आहेत, त्यांनाही हे कुणी नीट सांगायला हवं.

पट्टा न लावलेल्या माणसाच्या इजा ठरलेल्या जागी असतात. गुडघे डॅशबोर्डवर आदळून मांडीचं हाड मागं रेटलं जातं, खुब्याचा सांधा निखळतो. चालकाची छाती स्टिअरिंगवर. डोकं काचेवर. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी थेट भिंतीवर गेली तर तो मार साधारण 14 मीटरवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडल्याइतका असतो. हातानं डॅशबोर्ड धरून कुणी तो थोपवू शकत नाही. एअरबॅग आहे ना, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ती पट्ट्याला जोड म्हणून असते. पट्टा नसलेला माणूस आधीच पुढं फेकलेला असतो आणि फुगणारी बॅग त्याच्या तोंडावर येते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पट्ट्यामुळं पुढच्या सीटवर मृत्यूचा धोका 45 ते 50 टक्क्यांनी कमी होतो, मागच्या सीटवर 25 टक्क्यांनी. मागं बसलेले सुरक्षित असतात हा समज आपल्याकडं फार घट्ट आहे. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले ते मागच्या सीटवर होते. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे जहांगीर पंडोल गेले, दोघेही मागं, पट्ट्याविना. एवढ्या मोठ्या गाडीतसुद्धा.

एक विनंती पोलिसांना. मागं आरोपी बसवता, हातात बेडी असते. धक्का बसला तर तो हात टेकून सावरूही शकत नाही. त्याचाही विचार व्हावा.

माण_देशी

विषय चांगला आहे, पण प्रमाण बघा. केंद्र सरकारच्या 2022 च्या अहवालात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यात सीटबेल्ट न लावलेली 16,715 आणि हेल्मेट न घातलेली 50,029. दहिवडी, म्हसवड, खटाव भागात चारचाकी किती घरात आहे? माणसं मरतात दुचाकीवर आणि अंधारात ट्रॅक्टरच्या मागं घुसून. पोलिसांनी ट्रॉल्यांना मागं लाल रिफ्लेक्टर लावून घ्यावेत, कारखान्यांनी ते सक्तीचं करावं. गस्तीच्या गाडीतल्या दोन माणसांच्या पट्ट्यावर एवढी शक्ती घालवायची का?

संगम_माहुली

रिफ्लेक्टरचं शंभर टक्के मान्य, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. पण ट्रॉलीच्या मागं घुसणाऱ्यांत रात्री गस्तीची गाडीसुद्धा असू शकते ना. रिफ्लेक्टर लावून घ्यायला कारखाने, ट्रॅक्टरमालक, आरटीओ, ऊसतोड टोळ्या एवढ्या सगळ्यांना हलवावं लागतं. पट्ट्याचं मात्र एका जिल्ह्यात एका आदेशानं होतं. पैसा जवळजवळ लागत नाही. आणि 16,715 मध्ये 8,384 चालक आहेत, 8,331 प्रवासी. म्हणजे शेजारी नुसतं बसणाराही तेवढाच जातो. माझ्यासाठी त्या दोन माणसांतला एक माझा भाऊ आहे. हा विषय मी सोडणार नाही.

माण_देशी

भावाचा विषय आहे हे समजून बोलायला हवं होतं. पटलं. रिफ्लेक्टरचा धागा काढतो.

सांगलीची_सून

मी सध्या अमेरिकेत. इथंही हीच अडचण आहे, फक्त इथं त्यावर उघड बोललं जातं. इथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं 1980 ते 2008 मधल्या वाहन अपघातांत मेलेल्या पोलिसांची माहिती तपासली, तर किमान 42 टक्क्यांनी पट्टा लावलेला नव्हता. कारणंही जुनी_वर्दी काकांनी दिली तीच: पटकन उतरता यावं, शस्त्राच्या पट्ट्यात अडकतो. इथं न्यू हॅम्पशर राज्यात प्रौढांना पट्ट्याची सक्तीच नाही, तेव्हा तिकडचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. पण मेलेल्या पोलिसानं पट्टा लावला होता का, हे इथं विचारलं जातं आणि लिहून ठेवलं जातं. आपल्याकडं 'कर्तव्यावर असताना निधन' एवढं छापून येतं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारणं अपमान वाटतं. मला वाटतं विचारलं तर पुढचा वाचेल.

जावळीची_लेक

मी खात्यात आहे. एवढंच सांगते.

सगळे पाठलाग आणि गोळीबाराचं बोलताय. आमचा खरा धोका परतीच्या प्रवासात असतो. माऊलींची पालखी लोणंदला येते, तरडगाव, फलटण करत पुढं जाते. तो बंदोबस्त म्हणजे पहाटे उभं राहिलं की रात्र. पाय सुजलेले असतात. सुटलो की गाडीत बसतो आणि पाच मिनिटांत सगळ्यांची मान पडते, चालक सोडून. त्याचीही झोप झालेली नसते. झोपलेला माणूस धक्क्याला सावरत नाही. डॉक्टरताई म्हणाल्या तसं हात टेकणंही नाही. त्या वेळी पट्टा हवा, आणि त्या वेळी आठवण कुणालाच नसते, कारण एरवी सवय नसते.

दुसरं, मागच्या बाजूच्या आडव्या सीट. पुढं दोन किंवा तीन जण बसतात, बाकीचे मागं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, मध्ये काठ्या, ढाली, पाण्याचे जार. तिथं पट्टाच नाही. वकील साहेबांनी नियम सांगितला तो पुढं तोंड असलेल्या सीटपुरता. आडव्या सीटवर बसणारे सगळ्यात कनिष्ठ असतात, त्यात आम्ही मुली जास्त.

तिसरं, साहेबांचं. मध्यंतरी आम्हाला एक अधिकारी होते. गाडीत बसले की आधी स्वतःचा पट्टा, मग मागं वळून बघायचे, काही बोलायचे नाहीत. आठवड्यात सगळी गाडी लावायला लागली. त्यांची बदली झाली आणि महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं. म्हणून वकील साहेबांचं पटतं, माणसावर अवलंबून नको, कागदावर हवं.

संगम_माहुली

ताई, मनापासून आभार. आडव्या सीटचा मुद्दा मी अर्जात घेणार.

भुईंज_गॅरेज

माझं गॅरेज आहे, सरकारी गाड्या माझ्याकडं येत नाहीत, त्यांचं काम त्यांच्या मोटार परिवहन विभागाकडं असतं. पण बोलेरो मी रोज उघडतो, म्हणून गाडीच्या बाजूनं लिहितो.

पट्टा लावला जात नाही त्याचं निम्मं कारण पट्टाच नीट नसतो हे असतं. सगळ्यात आधी सीट कव्हर. कव्हर शिवणारा बकल आत गाडून टाकतो, बाहेर काढायला भोक पाडत नाही. मग बकल शोधायला हात घालावा लागतो. नंतर धूळ. रस्त्यावर दिवसभर काचा खाली ठेवून फिरणाऱ्या गाडीच्या रिट्रॅक्टरमध्ये (पट्टा आत गुंडाळून घेणाऱ्या चकरीत) मातीचा थर बसतो, पट्टा निम्म्यातून परत जात नाही, सैल लोंबत राहतो आणि दारात सापडतो. दारात सापडलेल्या पट्ट्याच्या कडा कुरतडतात. अशा पट्ट्याचा भरवसा नाही, बदलायचाच. पट्टा हळू ओढला की यायला पाहिजे, झटका दिला की अडकला पाहिजे. ही तपासणी कुणालाही करता येते, गाडी सुरूसुद्धा करावी लागत नाही. आणि अपघात झालेल्या गाडीचा पट्टा नुसता बरा दिसतो म्हणून ठेवायचा नाही, एकदा ताण खाल्ला की त्याचं काम झालं.

आता त्या अलार्मच्या सोयीबद्दल. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना पट्ट्याचा अलार्म सक्तीचा झाला. लगेच बाजारात नुसत्या क्लिपा आल्या, बकलमध्ये खोचल्या की आवाज बंद. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाईन विक्रीच्या 5 संकेतस्थळांवरून त्या काढायला लावल्या, विक्रीच्या 13,118 नोंदी काढल्या गेल्या. शेंद्रे_फाटा यांनी बघितलं तेही त्यातलंच, क्लिपच्या जागी पट्टाच वापरला. माझ्या दुकानात क्लिप मागायला गिऱ्हाईक येतं. देत नाही, आणि का देत नाही ते सांगतो. तीन बिंदूंचा हा पट्टा 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरनं आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. जगात जवळजवळ सगळ्या मोटारींना तोच आहे. एवढी चांगली वस्तू गाडीबरोबर मिळालेली आहे, ती बंद करायला मी पैसे घेणार नाही.

जावळीच्या ताईंचा आडव्या सीटचा मुद्दा खरा आहे. तिथं नुसता कमरेचा पट्टा ठोकून द्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आडव्या बसलेल्या माणसाला पुढून धक्का आला की तो बाजूला वाकतो, तिथं घरगुती जोडकामाचा उपयोग नाही. नवीन गाडी घेतानाच सगळ्या सीट पुढं तोंडाच्या मागायच्या, हा खरा मार्ग.

जुनी_वर्दी

गॅरेजवाले बरोबर बोलले. दर आठवड्याला गाडीचं तेल, पाणी, हवा, दिवे बघून नोंद करायची पद्धत असते. त्यात पट्टा ही एक ओळ वाढवली तर खराब पट्टा लगेच कागदावर येईल.

संगम_माहुली

भावाशी बोललो काल. 194 बी चं सांगितलं, चालकावर जबाबदारी येते म्हणून. आधी विश्वास बसला नाही, मग गप्प झाला. म्हणाला, मी माझा लावीन, साहेबांना सांगणं माझ्यानं होणार नाही. मी म्हटलं, तू सांगू नकोस, आम्ही सांगतो.

अर्जाचा मसुदा असा करतोय. पोलीस अधीक्षकांच्या नावानं, नागरिक म्हणून, सह्या घेऊन. भाषा तक्रारीची अजिबात नको, कुठल्या ठाण्याचं, कुठल्या गाडीचं नाव नको, फोटो नकोत. खात्याच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकानं, पदाचा भेद न करता, पट्टा लावावा असा लेखी आदेश काढावा आणि चालकानं पट्ट्याशिवाय गाडी हलवू नये असं त्यात स्पष्ट असावं, ही मुख्य मागणी. त्याला जोडून पट्ट्यांची एकदा तपासणी, होल्स्टर आणि बकलचा प्रश्न एका गाडीत प्रत्यक्ष बसून बघणं आणि पुढच्या खरेदीत आडव्या सीट टाळणं. 138(3), 194 बी आणि 210 बी यांचा उल्लेख वकील साहेब तपासून देतील ना?

वकील_विश्रामबाग

देतो. 210 बी शेवटी आणि एका ओळीत ठेवा. दंडाचा धाक आधी दाखवला तर अर्ज वाचला जाणार नाही. सुरुवात जुनी_वर्दी यांनी सांगितलेल्या अडचणीपासून करा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की लिहिणाऱ्याला काम माहीत आहे. आणि सांगली जिल्ह्यासाठी वेगळी प्रत काढू, ती मी इथून देतो.

डॉ_कृष्णाकाठ

पट्टा कुठून कसा जावा, गरोदरपणात कसा लावावा, याचं एका पानाचं चित्रासहित टिपण मी करून देते. अर्जाला जोडा. बोलावलं तर येऊन सांगायलाही तयार आहे, रविवार सोडून.

जावळीची_लेक

अर्जात बंदोबस्ताहून परतीचा प्रवास हे शब्द नक्की घाला. आणि सही मी करू शकणार नाही, पण माझे वडील करतील. मेढ्याहून कागद कुणाकडं पाठवायचा ते कळवा.

संगम_माहुली

ताई, पोवई नाक्यावर शनिवारी संध्याकाळी सह्यांसाठी थांबतोय. वडिलांना तिकडंच यायला सांगा, जमत नसेल तर मी मेढ्याला येऊन घेऊन जाईन.